कंसातलं साल

झीलाटेक या अक्षरजुळणीच्या साधनाला एखादा मराठी मजकूर दिला की टर्मिनलवर भराभर ओळी धावू लागतात. त्यातली अगदी पहिली ओळ सहसा कुणी वाचत नाही. माझ्या यंत्रावर ती सांगते, की हे झीटेक आहे, आवृत्ती ३.१४१५९२६५३-२.६-०.९९९९९५, आणि पुढे कंसात लिहिते: टेक लाइव्ह २०२३. या ओळीपाशी थांबून तिचा एकेक तुकडा सोडवून पाहिला, तर लिनक्सवर अक्षरजुळणीचा कोणता संच घ्यावा या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच सापडतं.

पहिला आकडा शाळेपासून ओळखीचा, पायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड क्नूथ यांच्याकडे १९७७ साली त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती, ही नवी प्रकाशजुळणीवर केलेली. गणिताची ती पानं त्यांना इतकी ओबडधोबड वाटली की हातातलं लेखन बाजूला ठेवून ते स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला बसले. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम दहा वर्षांवर गेलं. त्यातून टेक जन्माला आलं. ते पुरेसं झालं असं वाटल्यावर क्नूथ यांनी त्यात नवं काही घालायचं नाही असं ठरवलं. फक्त चुका दुरुस्त करायच्या, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या फेरीनंतर आवृत्तीच्या आकड्यात पायचा आणखी एक अंक वाढवायचा. २०१४ नंतरची फेरी थेट २०२१ साली झाली, आणि तेव्हा शेवटचा ३ आला. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर सात वर्षांत एका अंकाने पुढे सरकतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ते खरंच वाटेना.

दुसरा आकडा, २.६, हा ई-टेकचा. १९९० च्या दशकात काही जणांनी टेकमध्ये मोजक्या सोयी वाढवल्या, उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपींची सोय त्यातलीच. तिसरा आकडा झीटेकचा स्वतःचा. जॉनथन क्यू यांनी एसआयएल या संस्थेत काम करताना २००४ साली ते मॅकसाठी लिहिलं, २००६ मध्ये ते लिनक्सवर आलं. टेक पायकडे सरकतं, तसं झीटेक एककडे सरकतं आहे: ०.९९९९९४, मग ०.९९९९९५, मग ०.९९९९९६. म्हणजे एकाच ओळीत तीन पिढ्यांची माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, आणि खालच्या कुणालाही काढून टाकायची वेळ आलेली नाही.

हे तिन्ही आकडे तुमच्या हातात नाहीत. हातात आहे ते कंसातलं साल. लिनक्सवर टेकचा संच निवडायचा म्हणजे खरं तर साल निवडायचं, आणि ते साल कुणाच्या हातून घ्यायचं ते ठरवायचं.

टेक गोठलेलं असेल तर साल कशाला लागतं, हा प्रश्न रास्त आहे. याचं कारण, क्नूथ यांचं टेक आकाराने लहान आहे. त्याच्या मूळ आज्ञा तीनशेच्या आसपास. आपण लिहितो ते धडे, तळटीपा, अनुक्रमणिका, कोष्टकं, संदर्भसूची हे सगळं त्यावर रचलेलं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लाटेक लिहिलं (ते झीटेकवर चालवलं की झीलाटेक) आणि त्यापुढे जगभरच्या लोकांनी आपापल्या गरजेपोटी पॅकेजं लिहून मोकळी सोडली. रसायनशास्त्राची सूत्रं, बुद्धिबळाचे पट, स्वरलिपी, भाषाशास्त्राची उदाहरणं, प्रबंधांचे साचे. सीटॅन नावाच्या सार्वजनिक भांडारात आज सहा हजारांहून अधिक पॅकेजं आहेत आणि जवळपास रोज त्यात काही ना काही बदलतं. मधोमध एक अचल गाभा आणि भोवती सतत हलणारा बाजार. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती कुणाशी पटते, फाँट कुठे ठेवायचे, कुठल्या फाइलीने कुठली फाइल शोधायची, हे सगळं लावून एका दिवशी “हे सगळं एकत्र चालतं” असं सांगणारं कुणीतरी लागतं. टेकचं डिस्ट्रिब्युशन म्हणतात ते हेच.

लिनक्सवर बरीच वर्षं हे काम जर्मनीतले थॉमस एसर जवळजवळ एकट्याने करत होते. त्यांच्या संचाचं नाव टेटेक. लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये टेक म्हणजे टेटेकच असायचं. २००६ च्या मे महिन्यात त्यांनी हे काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना टेक लाइव्हकडे जायला सांगितलं. टेक लाइव्ह तेव्हा दहा वर्षांचं होतं. १९९६ साली पहिल्यांदा सीडीवर निघालेलं, मुळात टेटेकच्याच पायावर उभं राहिलेलं. जगभरच्या टेक वापरणाऱ्यांच्या संघटना ते मिळून चालवतात. अमेरिकेतली टग ही त्यातली सर्वांत जुनी, १९८० सालची. भारतातल्या शाखेचा जन्म तिरुवनंतपुरमचा, आणि टगची जागतिक परिषदही तिथे २००२ आणि २०११ साली भरली होती. टेक लाइव्हसाठी कुणी लिनक्सच्या प्रती बांधतं, कुणी मॅकच्या, कुणी फ्रीबीएसडीच्या. सगळं स्वयंसेवी. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे, नवं साल निघतं. वर्षभर त्यात रोज सुधारणा येत राहतात, आणि पुढचं साल निघायच्या आधी चालू साल गोठवतात.

लिनक्सवरची खरी गंमत इथे सुरू होते. डेबियन, उबुंटू या डिस्ट्रोंचं स्वतःचं वेगळं कालमान आहे. टेक लाइव्ह त्या पॅकेज म्हणून देतात, पण आपापल्या गोठवण्याच्या वेळी हाती असलेलं साल उचलून. जून २०२३ मध्ये निघालेल्या डेबियन १२ मध्ये टेक लाइव्ह २०२२ आहे. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये २०२४. उबुंटू २२.०४ मध्ये २०२१, २४.०४ मध्ये २०२३. आणि एकदा उचललेलं साल त्या आवृत्तीच्या आयुष्यभर तेच राहतं. यात काही चूक नाही, स्थिर डिस्ट्रोचा अर्थच तो. ज्याला इंग्रजीत गणिताचा शोधनिबंध लिहायचा आहे त्याला दोन-तीन वर्षं जुन्या संचाने काडीचा फरक पडत नाही. त्याने पॅकेज मॅनेजरला एक आज्ञा द्यावी आणि लिहायला लागावं, असं मी बेधडक सांगेन.

मराठीचं मात्र तसं नाही, कारण देवनागरीची चांगली सोय टेकच्या इतिहासात अगदी अलीकडची आहे. का, ते एका शब्दावर पाहता येईल. ‘आर्थिक’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत असा असतो: आ, र, हलन्त, थ, ऱ्हस्व इकार, क. उच्चाराच्या क्रमाने, आपण टंकतो तसा. कागदावर मात्र इकार थच्या आधी येऊन उभा राहतो आणि र आपली जागा सोडून थच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. एक अक्षर मागून पुढे येतं, दुसरं पुढून मागे आणि वर जातं. हे प्रत्येक शब्दात, प्रत्येक फाँटात, त्या फाँटातल्या जोडाक्षरांच्या तक्त्यांशी जुळवून करायचं. जुना जुळारी हे हातातल्या शेकडो खिळ्यांमधून निवडून, डोळ्यांनी पाहून करायचा. क्नूथ यांच्या टेकला याचा गंधही नव्हता. एका आकड्याला एक आकृती, एकापुढे एक मांडायची, फार तर शेजारच्या आकृती जोडायच्या, एवढंच त्याला ठाऊक.

म्हणून १९९१ साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स फेल्थाउस यांनी दुसरी वाट काढली. युनिकोड अजून रुळलेलं नव्हतं. त्यांनी मेटाफाँट या फाँट आखायच्या भाषेत देवनागरीचा फाँट आखला आणि एक छोटी आज्ञावली लिहिली. मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा, ती आज्ञावली तो आधी वाचून कुठे कुठला तुकडा बसवायचा ते ठरवते, आणि टेकच्या हाती तयार तुकडे देते. संस्कृतच्या अभ्यासकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ते पॅकेज आजच्याही टेक लाइव्हमध्ये आहे आणि चालतं. तीस वर्षांपूर्वीचा रोमनमध्ये टंकलेला संस्कृत पाठ आज कुणाच्या हाती लागला, तर त्याला पान करता येईल.

आजची वाट हार्फबझची. हार्फबझ ही अक्षरांची घडण करणारी एक मुक्त लायब्ररी आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळ्यांत तीच आहे, म्हणजे अँड्रॉइड फोनवरचा मराठी संदेश जी घडवते तीच. झीटेकमध्ये ती २०१३ साली आली. टेकचं दुसरं नवं इंजिन असलेल्या लुआटेकमध्ये यायला आणखी सात वर्षं लागली. टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेक ज्या इंजिनावर चालतं त्यात हार्फबझ आहे. त्याआधी तिथली देवनागरी बेभरवशाची, कुठे जमायची, कुठे फसायची. आता एप्रिल २०२० मध्ये निघालेली उबुंटू २०.०४ घ्या. तिच्यात टेक लाइव्ह २०१९ आहे. काही आठवड्यांनी हुकलं! आणि ती आवृत्ती पाच वर्षं अधिकृत पाठबळासह महाविद्यालयांतल्या नि कार्यालयांतल्या यंत्रांवर चालली. त्या यंत्रावर बसून कुणी लुआलाटेकमध्ये ‘आर्थिक’ लिहिलं आणि ते बिघडलं, तर त्यात त्याची चूक नव्हती, त्याच्या फाँटची नव्हती, मराठीची तर नव्हतीच. चूक असेलच तर कंसातल्या सालाची.

मराठीपुरतं आणखी एक सूक्ष्म प्रकरण आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दातल्या रची ती आडवी पापणी हिंदीला लागत नाही, आपल्याला पानोपानी लागते. काही फाँटांमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे आखून ठेवलेले असतात, पण मजकूर मराठी आहे असं इंजिनाला सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. हे सांगायची सोय करणारी पॅकेजं, बेबल आणि पॉलिग्लॉसिया, सतत सुधारत असतात. सीटॅनवर आता ‘मराठी’ नावाचंच एक पॅकेज आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा देवनागरी फाँट टेक लाइव्हमध्ये आहे, जुन्या ग्रंथांतली अवघड जोडाक्षरं त्यात सुरेख उतरतात. लाटेक आणि पॉलिग्लॉसिया मराठीसाठी कसं वापरावं याची एक पुस्तिकाही आहे. ही सगळी माणसं आत्ता, आपल्या काळात काम करताहेत. त्यांनी परवा केलेली सुधारणा तुमच्यापर्यंत कधी पोचणार, हे तुम्ही संच कुठून घेतला त्यावर ठरतं. टेक लाइव्ह थेट घेतलं असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. डिस्ट्रोमार्फत घेतलं असेल तर कदाचित दोन वर्षांनी, यंत्र बदलाल तेव्हा.

यावरून माझा कल लक्षात आला असेल. लिनक्सवर मराठीत पुस्तक, प्रबंध किंवा नियतकालिक काढायचं असेल तर टेक लाइव्ह त्याच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने बसवावं.

तो इन्स्टॉलर पर्ल भाषेत लिहिलेला, काही एमबींचा आहे. तो चालवला की एक साधा मेनू येतो आणि पूर्ण संच घ्यायचा का विचारतो. पूर्ण म्हणजे सुमारे ८ जीबी. माहितीपत्रकं आणि मूळ आज्ञावल्या वगळल्या तर आकार बराच उतरतो. पण माहितीपत्रकं वगळू नयेत असं मी म्हणेन, कारण टेक्सडॉक ही आज्ञा आणि पॅकेजचं नाव टंकलं की त्याची पुस्तिका समोर उघडते, इंटरनेट नसलं तरी. आठ जीबी पाहून लोक दचकतात. आजच्या एका चित्रपटाएवढी जागा, आणि तिच्यात जगातल्या अनेक लिपींचे फाँट, शब्द तोडायचे नियम, हजारो माणसांनी चाळीस वर्षांत लिहिलेली पॅकेजं. मला ही जागा कधी जास्त वाटलेली नाही.

मग हे सगळं एका फोल्डरमध्ये जाऊन बसतं, आणि त्या फोल्डरचं नाव असतं फक्त एक साल. २०२३. पुढच्या वर्षी शेजारी २०२४, मग २०२५. जुन्याला कुणी धक्का लावत नाही. लिनक्स आज्ञा कुठे शोधतं ते सांगणारा एक चल असतो, पाथ. त्यात २०२३ चा पत्ता आधी लिहिला तर तुमच्या यंत्रावर २०२३ साल चालू असतं. तो बदलला की २०२५. एकाच यंत्रावर तीन वर्षं नांदतात आणि एका ओळीने तुम्ही त्यांच्यात ये-जा करता.

या फोल्डरच्या आत फाइल शोधायची जी पद्धत आहे ती मला टेकच्या जगातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पूर्ण संचात लाखाहून जास्त फाइली असतात. मजकुरात ‘मराठी’ पॅकेज हवं असं लिहिलं की त्या ढिगातून नेमकी फाइल पापणी लवायच्या आत सापडते. केपाथसी ही त्यामागची लायब्ररी, कार्ल बेरी यांच्या हातची. टेक लाइव्हचीही धुरा आज प्रामुख्याने तेच वाहतात. ती डिस्क धुंडाळत बसत नाही. प्रत्येक मोठ्या झाडाच्या, म्हणजे एका फोल्डरातल्या सगळ्या पसाऱ्याच्या, बुंध्याशी त्यातल्या सगळ्या फाइलींची एक यादी आधीच लिहून ठेवलेली असते, ती वाचते. आणि झाडं एकावर एक रचलेली असतात: आधी तुम्ही काम करताय तो फोल्डर, मग तुमच्या घरातला, म्हणजे होममधला, टेक्समफ नावाचा फोल्डर, मग यंत्रावरच्या सगळ्यांसाठीचं स्थानिक झाड, आणि शेवटी मूळ टेक लाइव्ह. जे आधी सापडेल ते घेतलं जातं. त्यामुळे मूळ संचाला हात न लावता एखाद्या पॅकेजची सुधारलेली प्रत घरच्या फोल्डरात ठेवली की तीच चालते, आणि काढली की पुन्हा मूळची. केपीएसईव्हिच ही आज्ञा देऊन विचारलं तर कुठली प्रत उचलली जाते आहे ते ती सरळ सांगते. डिस्ट्रोचा जुना संच असूनही एखादंच नवं पॅकेज हवं असेल, तर या युक्तीने पुष्कळदा भागतं.

थेट बसवण्यात दोन ठिकाणी पाय अडकतो, आणि दोन्ही लिनक्सचीच आहेत. पहिलं फाँटचं. झीटेक लिनक्सवर फाँट नावाने शोधतं ते फाँटकॉन्फिग या व्यवस्थेला विचारून, आणि टेक लाइव्हच्या फोल्डरात शोभिका बसलेला आहे हे फाँटकॉन्फिगला ठाऊकच नसतं. मग फाँट यंत्रावर असूनही “सापडत नाही” अशी त्रुटी येते आणि माणूस चक्रावतो. टेक लाइव्ह स्वतःच यासाठी एक छोटी फाइल तयार करून देतं. ती फाँटकॉन्फिगच्या स्वतःच्या फोल्डरात जोडून एफसी-कॅश चालवलं की काम झालं. लुआटेक आपली यादी आपणच बनवतं, त्याला हे लागत नाही.

दुसरं, दोन संच एकमेकांवर चढण्याचं. तुम्ही टेक लाइव्ह थेट बसवलं, मग एके दिवशी काइलसारखा संपादक डेबियनच्या भांडारातून घेतला, की पॅकेज मॅनेजर प्रामाणिकपणे म्हणतो, याला टेक लागतं, मी तेही आणतो. त्याला तुमच्या त्या फोल्डरातल्या सालाची खबर नसते. यावर डेबियनवाल्यांनीच उपाय दिलेला आहे: इक्विव्ह्ज या साधनाने एक पोकळ पॅकेज बनवायचं, ज्याच्या आत काही नसतं, फक्त “टेक लाइव्ह आहे बरं का” एवढंच ते सांगतं. पॅकेज मॅनेजरचं समाधान होतं आणि दुसरा संच येत नाही.

डिस्ट्रोचाच संच घ्यायचा ठरवलं तर एक गोष्ट विसरू नये. डेबियन-उबुंटूत टेक लाइव्ह गठ्ठ्यांनी मिळतं, आणि नुसता मुख्य गठ्ठा घेतला तर मराठी येत नाही. आपली भाषा ‘लँग-अदर’ म्हणजे इतर भाषांच्या गठ्ठ्यात आहे. पूर्वी भारतीय भाषांचा वेगळा गठ्ठा होता, पुढे तो इतरांत मिसळला. हा गठ्ठा नसेल तर पान तयार होतं, पण लॉगमध्ये कुठेतरी सूचना असते की मराठीचे शब्द तोडायचे नमुने भरलेले नाहीत. त्याकडे दुर्लक्ष केलं की लांब शब्द समासात शिरतात आणि ओळींमध्ये भगदाडं पडतात. हे नमुनेही पाहण्यासारखे आहेत. इंग्रजीसाठी क्नूथ यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी शब्दकोशातून काढलेले नमुने ४४४७ आहेत, कारण इंग्रजीत शब्द कुठे तुटेल हे कान सांगतो, डोळा नाही. मराठीचे नमुने एका पानावर मावतील इतके थोडे. व्यंजनाच्या आधी तोडायला हरकत नाही, मात्रेनंतर तोडता येतं, मात्रेच्या आधी नाही, अनुस्वार आपल्या अक्षरापासून वेगळा करायचा नाही, आणि हलन्ताच्या मागेपुढे तर मुळीच नाही. एवढ्यावर ‘महाविद्यालयीन’ बरोबर तुटतं आणि ‘द्या’ अखंड राहतं. आपल्या लिपीची मांडणी किती नियमबद्ध आहे, हे मला एखाद्या व्याकरणापेक्षा त्या छोट्या फाइलीत जास्त स्पष्ट दिसलं.

फेडोराने उलट्या टोकाची वाट धरली आहे. तिथे प्रत्येक टेक पॅकेज वेगळं मिळतं, आणि पॅकेजचं नाव माहीत नसलं तरी हव्या त्या फाइलीच्या नावाने मागता येतं. आर्च सतत नवं होत राहतं, तिथे साल निघाल्यावर फार काळ थांबावं लागत नाही. या दोन डिस्ट्रो वापरणाऱ्यांना वेगळा संच बसवायची गरज कमी पडते.

टेक लाइव्हखेरीजही पर्याय आहेत. मिकटेक हा क्रिस्टियान शेंक यांचा जुना, मुख्यतः विंडोजचा संच आता लिनक्सवरही चालतो; थोडंसं घेऊन सुरुवात करायची, लागेल ते पॅकेज तो आपोआप आणतो. टायनीटेक हा टेक लाइव्हचाच लहानसा अवतार, आर भाषेत अहवाल लिहिणाऱ्यांसाठी यीहुई शिए यांनी केलेला. टेक्टॉनिक झीटेकच्या आधारावर उभं आहे आणि लागणाऱ्या फाइली जाळ्यावरून एकेक करून आणतं. छोट्या लॅपटॉपवर, अधूनमधून लागणाऱ्या कामाला ही तिन्ही चांगली. गावाकडे नेट जात-येत असताना हातात प्रबंध असेल, तर मात्र सगळं आधीच यंत्रावर असलेलं बरं.

सालाचं महत्त्व केवळ नव्याच्या ओढीपुरतं नाही. जुनं साल जपून ठेवण्यातही तितकंच आहे, आणि इथे क्नूथ यांच्या एका जुन्या निर्णयाचं फळ दिसतं. टेकमधलं सर्वांत लहान माप एका पॉइंटचा ६५,५३६ वा भाग आहे, सुमारे ५.४ नॅनोमीटर. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरच्या आसपास सुरू होते, म्हणजे हे माप दिसणं शक्यच नाही. पण ते इतकं लहान ठेवल्यामुळे ओळ कुठे तोडायची याचं सगळं गणित पूर्णांकांत करता आलं, आणि प्रत्येक यंत्राच्या प्रोसेसरगणिक बदलणाऱ्या दशांशांच्या भानगडीतून टेक सुटलं. तोच मजकूर, तीच पॅकेजं आणि तेच फाँट असतील, तर १९८५ च्या मेनफ्रेमवर आणि आजच्या लॅपटॉपवर ओळी एकाच जागी तुटतात. बदलू शकतात ती पॅकेजं, फाँट आणि मराठीसाठी हार्फबझसारखे भाग, आणि त्यांनाच साल बांधून ठेवतं.

संशोधकांना हे पक्कं माहीत आहे. १९९१ पासून चालणाऱ्या आर्काइव्ह या शोधनिबंधांच्या भांडारात, जिथे टीआयएफआर आणि आयुकातले संशोधकही आपले निबंध ठेवतात, टेक लाइव्हचं एक ठरावीक साल चालू असतं. ते काही वर्षांनी बदलतात, आणि जुन्या निबंधासाठी त्याच्या काळचं झाड राखून ठेवतात. ओव्हरलीफवर प्रत्येक प्रकल्पासाठी साल निवडायची सोय मेनूतच आहे. आणि अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाच्या गणित विभागाच्या सर्व्हरवर टेक लाइव्हची जुनी सालं त्यांच्या शेवटच्या अवस्थेत जशीच्या तशी ठेवलेली आहेत. टीएलएमजीआर हे टेक लाइव्हचं व्यवस्थापक साधन एका सालच्या संचात दुसऱ्या सालची पॅकेजं भरू देत नाही. जुन्या संचावर काम करणाऱ्यांना हा नकार वैतागवाणा वाटतो. पण त्याला यूटातल्या त्या जुन्या सालाचा पत्ता दिला की ते मुकाट्याने तिथून हवं ते आणतं.

तेव्हा पुस्तक लिहीत असाल तोवर चालू साल ठेवा, टीएलएमजीआरने अधूनमधून ताजं करा, मराठीतल्या सुधारणा येऊ द्या. पहिली प्रुफं हातात आली की ताजं करणं थांबवा, नाहीतर तिसऱ्या धड्यातली दुरुस्ती करताना नवव्या धड्याच्या ओळी हलतील आणि सूचीतले पृष्ठांक पुन्हा तपासावे लागतील. पुस्तक छापायला गेलं की मजकुराच्या फोल्डरात एका साध्या फाइलीत तीन गोष्टी लिहून ठेवा: इंजिनाचं नाव, फाँटची आवृत्ती आणि टेक लाइव्हचं साल. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा शेजारी २०३० चा फोल्डर असला, तरी पाथमध्ये जुना पत्ता लिहा आणि एकदा बदल न करता सगळं पुस्तक चालवून पाहा. पानं पहिल्या आवृत्तीशी ओळीनिशी जुळली, की मग दुरुस्त्यांना हात घाला.